गुणवत्ता तपासणाऱ्या बाईची पहिली टँडम उडी

विमानातून उडी मारली असे मी सध्या भेटेल त्याला सांगत असले, तरी खरे पाहता उडी मी मारलेली नाही. ती मारली माझ्या पाठीशी चार हुकांनी जोडलेल्या प्रशिक्षकांनी, आणि मी त्यांच्याबरोबर गेले. टँडम स्कायडायव्हिंगमध्ये विमानातून कधी बाहेर पडायचे, पॅराशूट कोणत्या उंचीवर उघडायचे, वाऱ्याच्या कोणत्या बाजूने खाली उतरायचे हे सगळे प्रशिक्षक ठरवतात. पाहुण्याने हात कुठे ठेवायचे, डोके कुठे टेकवायचे आणि पाय केव्हा उचलायचे एवढेच पाळायचे असते. म्हणून ऑफिसात कोणी "मॅडम, काय धाडस हो तुमचं!" असे म्हटले की मला थोडे अवघडल्यासारखे होते. त्या दिवसात धाडस म्हणावे असे फार थोडे होते. विश्वास टाकण्याचे प्रसंग मात्र पावलोपावली होते, आणि भोसरीच्या एमआयडीसीत वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करण्यात नोकरीची सारी वर्षे गेलेल्या माझ्यासारखीला, कोणाच्या हातात असे मुकाट्याने स्वतःला सोपवणे हे धाडसापेक्षा जड जाते. आमच्या खात्यात विश्वास ही गोष्ट नोंदवहीतील सहीनंतर सुरू होते.

हा बेत मुळात माझ्या भाच्याचा. तो गुरुग्रामला नोकरीस आहे आणि तिथून रस्त्याने काही तासांवर हरियाणातील नारनौलजवळ बाछौद नावाची धावपट्टी आहे, जिथे टँडम उड्या होतात. पुण्यात ही सोय नाही, आणि का नाही हे आपल्या शहराच्या आकाशाकडे पाहिले तरी समजते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमाने तिथे पाहुण्यासारखी ये-जा करतात आणि सुखोईंच्या गडगडाटाने विमाननगरच्या खिडक्या थरथरतात. अशा आकाशात हौशी माणसांना लोंबकळत खाली येण्यासाठी जागा कोण मोकळी ठेवणार? पूर्वी लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर टँडम उड्या होत असत. कामशेतला पॅराग्लायडिंग जोरात चालते आणि पवनेच्या पाण्यावर तरंगणारे ते रंगीत पंख पाहून अनेकांना तेच स्कायडायव्हिंग वाटते, परंतु दोन्हींत मूलभूत फरक आहे. पॅराग्लायडरचा पंख जमिनीवरच वाऱ्याने भरून घेतात आणि मग डोंगरउतारावरून धावत जाऊन हवेत शिरतात. स्कायडायव्हिंगमध्ये आधी पडायचे असते आणि पंख नंतर उघडायचा असतो. "नंतर" या शब्दापाशीच आमच्या घरातील चर्चा अडून बसली होती.

सासूबाईंचे म्हणणे थोडक्यात होते. "इतके पैसे देऊन पडायचंच असेल, तर आपला जिना काय वाईट आहे? फुकट आहे, आणि संचेती हॉस्पिटलही गावातच आहे." मी त्यांना सांगितले की अमेरिकेचे माजी अध्यक्ष थोरले जॉर्ज बुश यांनी 2014 साली आपल्या नव्वदाव्या वाढदिवशी टँडम उडी घेतली होती. त्यावर त्या म्हणाल्या, "त्यांना घरात विचारणारं कोण होतं?" यजमानांनी मात्र एकच काम केले, विमा पॉलिसीची कागदपत्रे काढून साहसी खेळांसंबंधीचे कलम वाचले आणि ते माझ्यासमोर ठेवून चहा करायला निघून गेले. आयुर्विम्याच्या बऱ्याच पॉलिसींमध्ये अशा खेळांतील अपघात वगळलेले असतात. ज्यांना हा बेत करायचा आहे त्यांनी हे कलम आधी वाचावे, म्हणजे नंतर घरात त्यावरून शब्द वाढत नाहीत.

पुण्यात या विषयावर बोलायचे आणि शीतल महाजन यांचे नाव घ्यायचे नाही, असे होऊ शकत नाही. आपल्या गावच्या या बाईंनी 2004 मध्ये आयुष्यातील पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, 2006 मध्ये दक्षिण ध्रुवावर घेतली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे त्यांनी चक्क नऊवारी नेसून उडी मारली आणि 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर 21,500 फुटांवरून. धाडस हा शब्द तिथे वापरावा. माझ्यासारख्यांसाठी जी सोय झाली ती मुख्यतः 1980 च्या दशकात अमेरिकेत टेड स्ट्राँग आणि बिल बूथ यांनी दोन माणसांसाठी एकच पॅराशूट आणि एकत्र जोडणारे पट्टे विकसित केले म्हणून. त्याआधी पहिली उडी म्हणजे तासन् तास जमिनीवरचे प्रशिक्षण आणि मग एकट्यानेच विमानाचे दार. आता अर्ध्या तासाच्या सूचनांवर कोणीही सुदृढ माणूस आकाशात जाऊ शकतो, कारण शिकलेला माणूस त्याच्या पाठीशी बांधलेला असतो.

दिल्लीपर्यंत विमान आणि पुढे भाच्याची गाडी, असा प्रवास करून आम्ही फेब्रुवारीच्या एका सकाळी धावपट्टीवर पोहोचलो. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात धुके फार असते आणि तासन् तास थांबावे लागते, म्हणून फेब्रुवारी निवडला होता. तरीही धुक्याने थोडा वेळ घेतलाच. तो वेळ माझ्या पथ्यावर पडला, कारण तेवढ्यात मला सगळे साहित्य डोळे भरून पाहता आले.

सुरुवात कागदांनी झाली. वजन, वय, हृदयाचे विकार, पाठीच्या मणक्याचे दुखणे, अलीकडे झालेल्या शस्त्रक्रिया, दारू घेतली आहे का, आणि शेवटी, जे काही होईल ते आपल्या जबाबदारीवर, अशा अर्थाचा मजकूर. भाच्याने तो न वाचता सही केली. मी सगळा वाचला आणि दोन ठिकाणी शंका विचारल्या. मग सर्वांसमक्ष वजन झाले. टँडमला वजनाची मर्यादा असते आणि ती विनाकारण नसते: छत, म्हणजे पॅराशूटचे उघडणारे कापड, दोघांचे वजन पेलणार असते, पट्टे शरीराला नीट बसावे लागतात आणि उतरताना प्रशिक्षकांना आपले पायही सांभाळायचे असतात.

त्यानंतर पॅराशूट बांधणारा मुलगा दिसला आणि मी तिथेच खिळले. एका लांब ताडपत्रीवर त्याने टँडमचे ते प्रचंड छत पसरले होते. एकट्या उडी मारणाऱ्याच्या छतापेक्षा ते कितीतरी मोठे असते, कारण भार दोघांचा असतो. हे छत छत्रीसारखे गोल नसते. आयताकृती असून त्यात शेजारी शेजारी शिवलेले कप्पे असतात. समोरच्या कडेची तोंडे उघडी असल्याने पडण्याच्या वेगाने त्यांत हवा शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचा विमानाच्या पंखासारखा आकार तयार होतो. ही कल्पना डोमिना जाल्बर्ट यांची, 1964 ची. त्या मुलाने दोऱ्यांचा गठ्ठा खांद्यावर घेतला, प्रत्येक कप्पा हाताने सारखा केला, चुण्या एकावर एक आणल्या आणि एक चौकोनी कापड दोऱ्यांवरून सरकवत अगदी वर, छताला टेकवून ठेवले. "हे कशासाठी?" असे मी विचारले. त्याला बहुधा हा प्रश्न कोणी विचारत नसावे, कारण तो गुडघ्यांवर बसूनच हसत वळला आणि हिंदीत म्हणाला, "मॅडम, हे नसेल तर छत एकदम उघडेल आणि मान दुखेल." या तुकड्याला स्लायडर म्हणतात. छत उघडू लागले की हवेच्या दाबामुळे तो वरच अडून राहतो, हळूहळू दोऱ्यांवरून खाली घसरतो आणि तोवर छत पूर्ण पसरू शकत नाही, त्यामुळे उघडण्याचा धक्का काही सेकंदांत वाटला जातो. चारही कोपऱ्यांना कड्या असलेला, मोठ्या रुमालाएवढा हा तुकडा. ना मोटर, ना स्प्रिंग. इतके साधे उपाय आमच्या कारखान्यात कोणी सुचवले असते, तर मी त्याला चहा पाजला असता.

दुसरी गोष्ट जी मी जवळून पाहिली ती खांद्याजवळची तीन कड्यांची रचना. मोठी कडी अंगावरच्या पट्ट्यांना पक्की शिवलेली असते. छताकडून येणाऱ्या पट्ट्याला दोन लहान कड्या असतात. त्यांपैकी मधली मोठीतून ओवून मागे दुमडायची, सर्वांत लहान मधलीतून ओवून दुमडायची आणि शेवटी लहान कडीवरून दोऱ्याचा एक फास घेऊन त्यात पिवळसर तार अडकवायची. प्रत्येक कडी तरफेचे काम करते, त्यामुळे एका टोकाला शेकडो किलोंचा ताण असला तरी शेवटच्या दोऱ्यावर त्याचा अगदी थोडा अंश येतो. मुख्य छतात गुंता झाला तर प्रशिक्षक एक मूठ ओढतात, तार फासातून निघते, तिन्ही कड्या एकमेकींतून उलटून सुटतात आणि बिघडलेले छत निघून जाते. मग राखीव पॅराशूट. ही रचनाही बिल बूथ यांचीच, 1970 च्या दशकातली. मी बोट फिरवून शिलाई पाहिली. टाके एकसारखे होते, पट्ट्यांच्या कडा कुठे झिजलेल्या नव्हत्या, कड्यांवर गंज नव्हता. असे निरीक्षण करून मला नक्की काय मंजूर किंवा नामंजूर करायचे होते हे मला सांगता येणार नाही, पण हात सवयीने चालत होते.

माझे प्रशिक्षक याच वेळी आले. पन्नाशीच्या आतले, उन्हाने रापलेले, कमी बोलणारे गृहस्थ. मी त्यांना विचारले, "राखीव पॅराशूट शेवटचं कधी बांधलं, त्याची नोंद पाहायला मिळेल का?" ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "लोक सहसा कॅमेरा कुठला आहे ते विचारतात." मग त्यांनी पाठीवरच्या पिशवीचे एक झाकण उचलून दाखवले. आत राखीव पॅराशूटच्या पिनेवरून एक बारीक लाल दोरा गेलेला होता आणि त्याच्या टोकाला आपल्या विजेच्या मीटरवर असते तसले शिशाचे छोटे सील होते. शेजारच्या खिशात एक कार्ड, त्यावर तारीख आणि सही. राखीव पॅराशूट कोणीही बांधू शकत नाही. त्यासाठी प्रमाणित माणूस लागतो, आणि अमेरिकेत तर वापरले नसले तरी ते दर 180 दिवसांनी उघडून, तपासून पुन्हा बांधावे लागते. तो दोरा हाताने सहज तुटेल इतका नाजूक असतो, कारण गरज पडेल तेव्हा त्याने आड यायचे नसते. मधल्या काळात कोणी हात लावला का, एवढेच सांगायचे असते. ती सही पाहिल्यावर मला बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

पिशवीत आणखी एक लहानसे यंत्र असते. हवेच्या दाबावरून ते उंची आणि खाली येण्याचा वेग सतत मोजत राहते, आणि टँडमच्या बाबतीत सुमारे 1,900 फुटांवरही पडण्याचा वेग कमी झालेला नसेल, तर माणसाची वाट न पाहता राखीव पॅराशूट स्वतःच उघडते. प्रशिक्षक बेशुद्ध झाले तर काय, या माझ्या मनातल्या आणि अजून न विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर होते. अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेच्या आकडेवारीनुसार सुमारे पाच लाख टँडम उड्यांमागे एका पाहुण्याचा मृत्यू होतो. हा आकडा मी घरी वाचला तेव्हा मला आधी अपघातांसाठी कुप्रसिद्ध असलेला आपला नवले पूल आठवला होता.

सूचना मोजक्या होत्या आणि त्यांचा सराव जमिनीवर पोटावर पडून करून घेतला. दारात बसल्यावर पाय विमानाखाली मागे दुमडायचे, हात छातीवरच्या पट्ट्यांवर धरायचे, डोके मागे प्रशिक्षकांच्या खांद्यावर टेकवायचे, कंबर पुढे काढून शरीराची कमान करायची. खांद्यावर थाप पडली की हात पसरायचे. उतरताना सांगितले की पाय सरळ पुढे उचलायचे आणि तसेच धरून ठेवायचे. ही कमान शोभेसाठी नसते. पोट सर्वांत खाली आणि हातपाय वर असले की पडणारे शरीर हवेत आपोआप सरळ राहते. अंगाची जुडी केली तर ते कसेही गडगडते, आणि पाहुणा गडगडला की त्याला बांधलेला माणूसही गडगडतो.

विमान एका पंख्याचे, छोटे. वैमानिकाची खुर्ची सोडून बाकीच्या खुर्च्या काढलेल्या, म्हणून आम्ही चौघे जमिनीवर मांडी घालावी तशा अवस्थेत, वैमानिकाकडे पाठ करून बसलो. वर जायला जवळजवळ अर्धा तास लागतो आणि या सबंध प्रकारात भीतीला निवांत बसायला जागा मिळते ती इथेच. खाली मोहरीच्या शेतांचे पिवळे चौकोन, विटभट्ट्यांचे धुरकट ठिपके, अरवलीच्या बुटक्या रांगा, आणि त्यांत ढोसीची टेकडी, जिथे च्यवन ऋषींचा आश्रम होता असे मानतात. म्हणजे आपला च्यवनप्राश तिथला. भाच्याने ही माहिती मला ओरडून सांगितली, कारण पंख्याच्या आवाजात साधे बोलणे ऐकू येत नव्हते, आणि बहुधा त्यालाही काहीतरी बोलत राहायचे होते. प्रशिक्षकांच्या मनगटावरचा उंचीमापक मला दिसत होता. साडेचार हजारांच्या आसपास काटा आला तेव्हा मला सिंहगड आठवला. समुद्रसपाटीपासून त्याची उंची 1,312 मीटर, म्हणजे साधारण 4,300 फूट. त्याहून दुपटीच्या वर जायचे होते. दर हजार फुटांना तापमान साधारण दोन अंशांनी उतरते, आणि जमिनीवर नुसता गारवा होता तिथे वर बोटे आखडू लागली.

मध्येच कधीतरी प्रशिक्षकांनी मला मागे सरकायला सांगितले आणि हुक लावायला सुरुवात केली. दोन खांद्यांचे, दोन कमरेचे. प्रत्येक हुकाचा खटका ऐकू येत होता, आणि प्रत्येक खटक्यानंतर ते हुक ओढून पाहत होते, पट्टा आवळत होते, पुन्हा बोटांनी चाचपत होते. चारही झाल्यावर त्यांनी पहिल्यापासून सगळे परत तपासले. हे काम त्यांनी माझ्या आधी हजारो वेळा केले असणार, तरीही घाई नव्हती की कंटाळा नव्हता. मला वाटते, मी त्यांच्या हवाली झाले ती याच मिनिटात. पुढे दारात जे झाले त्यात माझ्या निर्णयाचा भाग जवळजवळ नव्हताच. टँडम प्रशिक्षक व्हायला अमेरिकेत किमान 500 उड्या आणि या खेळात तीन वर्षे काढावी लागतात, हे मी वाचलेले होते, परंतु माझे समाधान झाले ते दुसऱ्यांदा तपासलेल्या हुकांनी.

दार उघडले. आवाज आणि थंडी एकाच वेळी आत आली. आम्ही दाराच्या बाजूला होतो म्हणून आमचा नंबर पहिला. पाय बाहेर काढताना वाऱ्याने ते मागे ढकलले आणि जिथे ठेवायला सांगितले होते तिथे ते जाईनात. प्रशिक्षकांनी आपल्या पायाने ढकलून माझे पाय दुमडले. खाली पाहू नका असे सांगतात, आणि डोके मागे टेकवल्यामुळे तसेही फक्त पंखाची खालची बाजू दिसते. एक झोका पुढे, एक मागे, आणि पंख दिसेनासा झाला.

पोटात गोळा येईल अशी माझी खात्री होती, कारण एस्सेल वर्ल्डच्या पाळण्यातही मला तो येत असे. तो आला नाही. याचे कारण मला नंतर समजले. विमानाला मुळातच बऱ्यापैकी वेग असतो, त्यामुळे दारातून निघताक्षणी समोरून वारा अंगाला धरतो आणि नंतर हळूहळू तो खालून लागू लागतो. उंच पाळण्यावरून स्थिर अवस्थेतून एकदम सुटल्यासारखे ते नसते. पडतो आहोत असे वाटतच नाही, कारण शेजारून काही मागे जात नाही. जमीन इतकी लांब असते की ती जवळ येताना दिसत नाही. जाणवतो तो केवळ वारा, आणि तोही असा की नाकात शिरतो पण श्वास घेतल्यासारखे वाटत नाही. पहिले काही क्षण मला खरोखरच श्वास घेता आला नाही. मग भाच्याने सांगितलेली युक्ती आठवली आणि मी ओरडले. ओरडायला आधी हवा आत घ्यावी लागते, एवढाच त्या युक्तीचा अर्थ.

बाहेर पडल्यावर लगेचच मागे एक हलकासा हिसका बसला होता. तो ड्रोग नावाच्या छोट्या पॅराशूटचा. दोन माणसे एकत्र पडली की वजन दुप्पट होते, परंतु वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ तितके वाढत नाही, कारण एकजण दुसऱ्याच्या मागे असतो. नुसते पडू दिले तर दोघांचा वेग ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो आणि त्या वेगात छत उघडणे कापडालाही सोसत नाही आणि माणसालाही. म्हणून प्रशिक्षक ते मागे सोडतात, जे पूर्ण वेळ ओढत राहते आणि वेग एकट्या माणसाइतका, म्हणजे ताशी सुमारे दोनशे किलोमीटरवर, रोखून धरते. पुढे तेच ड्रोग मोकळे केले की ते मुख्य छताला पिशवीतून बाहेर ओढते. एकाच कापडाला दोन कामे.

खांद्यावर थाप पडली, मी हात पसरले. साधा हिशेब मांडला तर दहा हजार फुटांवरून निघून साडेपाच हजारांच्या आसपास छत उघडेपर्यंत जेमतेम अर्धे मिनिट मिळते: वेग वाढायला दहा-बारा सेकंद आणि उरलेले अंतर सेकंदाला 180 फुटांच्या आसपासच्या वेगाने. अर्धा तास चढून अर्धे मिनिट, हे प्रमाण कोथरूडमध्ये कोणालाही पटणार नाही. पण ते अर्धे मिनिट लांब असते. डाव्या बाजूला क्षितिज थोडे कलले आणि परत सरळ झाले एवढे मला स्वच्छ आठवते. प्रशिक्षकांनी आम्हाला वळवले होते. व्हिडिओत माझे गाल कानांकडे उडताना दिसतात आणि चष्म्याच्या आत डोळे विस्फारलेले आहेत. हसत होते की ओरडत होते हे त्यावरून ठरवता येत नाही.

मग वर ओढल्यासारखे झाले. खरे तर कोणी वर ओढत नाही. पडण्याचा वेग कमी होतो इतकेच. स्लायडरने आपले काम केले होते, कारण मानेला काही झाले नाही. वाऱ्याचा गोंगाट एकदम थांबला आणि प्रशिक्षकांचा आवाज कानाशी नेहमीच्या सुरात ऐकू आला: "सब ठीक?" आपल्या कळसूबाईची उंची 5,400 फूट आहे, जमिनीपासून मोजल्यास जवळपास तेवढ्या उंचीवर मी दोऱ्यांना लटकून बोलत होते. आणि याच वेळी, सगळे धोक्याचे संपले असे वाटत असताना, मला त्या दिवसातली खरी भीती वाटली. प्रशिक्षक म्हणाले की आता कमरेचे हुक सैल करतो, म्हणजे पट्टे मांड्यांत रुतणार नाहीत. त्यांनी आधी सांगितले होते, मी मान डोलावली होती, तरी खटका झाला आणि मी बोटभर-दोन बोटे खाली घसरले तेव्हा पोटात तो गोळा आला, जो विमानातून पडताना आला नव्हता. चार हुक मी मनात मोजून ठेवले होते. त्यांतले दोन कोणी सैल करावेत हे मला पसंत नव्हते. भार सगळा खांद्यांच्या हुकांवर असतो आणि कमरेचे पट्टे फक्त आपल्याला चिकटवून ठेवण्यासाठी असतात, हे त्यांनी शांतपणे समजावले. जमिनीपासून हजारो फूट उंचीवर दिले गेलेले इतके चांगले तांत्रिक स्पष्टीकरण मी याआधी ऐकलेले नाही.

त्यानंतरची पाच-सहा मिनिटे निखळ आनंदाची होती. छत वळवण्याच्या दोऱ्यांच्या दोन्ही मुठी त्यांनी माझ्या हातात दिल्या. उजवी ओढली की उजवीकडे वळायचे, डावी ओढली की डावीकडे. जोरात ओढली तर गरगर फिरायला होते आणि मला ते दुसऱ्या वळणावरच पुरे झाले. ज्यांना गाडी लागते त्यांनी हे आधीच सांगून ठेवावे. उंचीतला फरक झपाट्याने झाल्यामुळे कान गच्च झाले होते, नाक धरून फुंकर मारल्यावर ते उघडले. धावपट्टीवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडफडताना दिसला, पुढे उभ्या असलेल्या गाड्या, मग माणसांची तोंडे.

पाय उचला, असे त्यांनी सांगितले. पोटाच्या स्नायूंना इतका वेळ पाय आडवे धरायची माझी सवय नाही, म्हणून शिकवल्याप्रमाणे गुडघ्यांमागची पँट हातांनी घट्ट धरली. जमीन आता भराभर जवळ येत होती. अगदी शेवटी त्यांनी दोन्ही मुठी एकदम खालपर्यंत ओढल्या, छताची मागची कड वाकली, पुढे जाणे आणि खाली येणे दोन्ही जवळजवळ थांबले आणि आम्ही बसल्या बसल्या मातीवरून थोडे घसरत गेलो. छत आमच्या मागे पडले. पॅराशूट बांधणारा तो मुलगा धावत आला आणि सगळ्यांत आधी त्याने छताच्या दोऱ्या गोळा केल्या, मग आमच्याकडे पाहिले. त्याचा हा क्रम मला फार आवडला.

भाचा काही मिनिटांनी उतरला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "मावशी, पुन्हा जायचं?" त्याने तिथेच एकट्याने उडी मारायच्या अभ्यासक्रमाची चौकशी केली. त्यात दोन प्रशिक्षक सुरुवातीला दोन्ही बाजूंनी धरून बरोबर पडतात, पण पॅराशूट आपल्याच पाठीवर असते आणि ते आपणच उघडायचे असते. त्याने ते करावे. मला टँडम पुन्हा करायला आवडेल, अधिक उंचीवरून, एकट्याने नाही. मला जे आवडले त्यात दुसऱ्याचे चोख काम जवळून पाहण्याचा आणि मग त्याच्या भरवशावर हातपाय सोडून देण्याचा वाटा मोठा होता, आणि तो एकट्याच्या उडीत मिळणार नाही.

घरी सासूबाईंनी व्हिडिओ दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहताना त्यांनी त्या मागे बांधलेल्या माणसाचे लग्न झाले आहे का, असे विचारले, कारण त्याच्या बायकोची त्यांना काळजी वाटत होती.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगून ठेवते. सर्दी असेल तर जाऊ नका. बंद नाकाने कानांचे फार हाल होतात. पाठीचे किंवा मानेचे दुखणे असेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, फॉर्मवर लपवू नका. नाडीचे बूट घाला, चपला किंवा सँडल चालत नाहीत, आणि कानातले, गळ्यातले घरी ठेवा, मंगळसूत्रही. पोट अगदी रिकामे ठेवू नका आणि मिसळ खाऊनही जाऊ नका. हवामानामुळे उडी पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून परतीचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नका. आणि राखीव पॅराशूटचे कार्ड दाखवा असे बेलाशक विचारा. चांगल्या ठिकाणी ते दाखवतात.